सन्मानाचे काम, सामाजिक सहभाग आणि विषमता : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ मध्ये मांडलेली सन्मानाच्या कामाची संकल्पना आज युरोपातील धोरणचर्चेच्या केंद्रस्थानी आहे. महाराष्ट्राने रोजगार हमीच्या रूपाने या विचाराचा काही भाग त्यापूर्वीच कायद्यात आणला होता. प्रस्तुत लेखात ही संकल्पना, युरोपचा अनुभव आणि महाराष्ट्रातील कायदे यांच्या आधारे बुलढाणा जिल्ह्यातील श्रमिकांच्या स्थितीचे विवेचन केले आहे. केवळ मजुरीचा दर वाढल्याने विषमता कमी होत नाही, कामासंबंधीच्या निर्णयात श्रमिकाचा आवाज असणे ही सन्मानाची मूळ अट आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सन्मानाचे काम, रोजगार हमी, व्यवसाय कर, ग्रामसभा, शेतमजूर स्त्रिया, विषमता.

१. प्रस्तावना

मराठीत 'काम' आणि 'नोकरी' हे दोन शब्द समानार्थी नाहीत. खेड्यातील माणूस 'कामाला जातो' आणि शिकलेला माणूस 'नोकरीला असतो'. एकाला 'रोज' मिळतो, दुसऱ्याला 'पगार'. एकाचे उद्याचे काम आज सायंकाळी ठरते, तर दुसऱ्याच्या निवृत्तीची तारीखही आधीच ठरलेली असते. 'प्रतिष्ठेचे काम' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची, टेबल आणि कार्यालय उभे राहते. कापूस वेचणे, खडी फोडणे किंवा पोती वाहणे या कामांचा त्यात समावेश होत नाही. भाषेतील हा भेद समाजातील विषमतेचाच आरसा होय. म्हणूनच या लेखात 'प्रतिष्ठेचे काम' ऐवजी 'सन्मानाचे काम' हा शब्दप्रयोग स्वीकारला आहे. प्रतिष्ठा कामाच्या प्रकाराला चिकटलेली असते, सन्मान हा काम करणाऱ्या माणसाचा हक्क असतो.

लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) सन्मानाच्या कामाची संकल्पना स्पष्ट करणे, (आ) युरोपचा अनुभव आणि महाराष्ट्रातील रोजगार हमीची परंपरा यांची तुलना करणे, आणि (इ) त्या प्रकाशात बुलढाणा जिल्ह्यातील श्रम, सहभाग व विषमता यांचा परस्परसंबंध तपासणे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून कायदे आणि योजनांची रचना हा तिचा मुख्य आधार आहे.

२. सन्मानाच्या कामाची संकल्पना

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची स्थापना पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये झाली. श्रम ही बाजारातील वस्तू नव्हे, हे तत्त्व संघटनेने १९४४ च्या फिलाडेल्फिया घोषणापत्रात ठामपणे नोंदविले. पुढे १९९९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत तत्कालीन महासंचालक हुआन सोमाव्हिया यांनी सन्मानाच्या कामाची संकल्पना मांडली. तिची चार अंगे मानली जातात : उत्पादक रोजगाराची उपलब्धता, कामाच्या ठिकाणचे हक्क, सामाजिक संरक्षण आणि सामाजिक संवाद. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी आठवे उद्दिष्ट याच संकल्पनेशी निगडित आहे.

या चार अंगांपैकी पहिली तीन सहज समजतात. चौथे अंग, म्हणजे संवाद, अनेकदा औपचारिक मानून मागे ठेवले जाते. वस्तुतः पहिली तीन अंगे टिकून राहतात ती चौथ्याच्या बळावर. ज्या श्रमिकाला बोलता येत नाही, त्याचा हक्क कागदावर असूनही त्याच्या हातात येत नाही.

भारतीयांना हा विचार परका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमविभागाचे सदस्य होते आणि कामाचे तास, श्रमिक स्त्रियांचे प्रश्न, शासन-मालक-कामगार यांची त्रिपक्षीय चर्चा या बाबींना त्यांनी धोरणाचे रूप दिले. भारतीय संविधानातील अनुच्छेद ३९ समान कामासाठी समान वेतनाचा, अनुच्छेद ४१ कामाच्या हक्काचा आणि अनुच्छेद ४३ निर्वाहवेतनाचा व समुचित जीवनमानाचा निर्देश करतात. मात्र ही सर्व राज्याच्या धोरणाची निदेशक तत्त्वे आहेत. न्यायालयात ती थेट बजावता येत नाहीत. त्यांना कायद्याचे बळ देणे हे काम विधिमंडळांकडे सोपविले गेले.

३. युरोपचा अनुभव

समृद्ध राष्ट्रांत हा प्रश्न सुटलेला आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पूर्णतः खरी नाही. युरोपीय संघात काम करूनही दारिद्र्याच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत सुमारे आठ टक्के राहिले आहे. म्हणजेच साधारणतः बारा कमावत्यांपैकी एकाला आपल्या श्रमातून आपल्याच देशाच्या मानाने पुरेसे जगता येत नाही. अल्पमुदतीचे करार, अर्धवेळ कामे आणि मोबाइलवरील ॲपद्वारे मिळणारी घरपोच सेवेची कामे यांमुळे 'कामगार' या शब्दाची व्याख्याच धूसर झाली आहे. मालक कोण, हेच ठरत नसेल तर हक्क कोणाकडे मागावयाचा, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला युरोपने दिलेली उत्तरे लक्षणीय आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे सामाजिक हक्कांचा युरोपीय आधारस्तंभ जाहीर झाला. २०२२ च्या किमान वेतनविषयक निर्देशाने, ज्या देशांत सामूहिक वाटाघाटींच्या कक्षेत ८० टक्क्यांहून कमी श्रमिक येतात, त्या देशांनी ती कक्षा वाढविण्याचा कृती आराखडा तयार करावा, असे बंधन घातले. २०२४ च्या निर्देशाने ॲपवरील कामांच्या बाबतीत नियंत्रणाची लक्षणे आढळल्यास रोजगाराचे नाते गृहीत धरावे, असे तत्त्व स्वीकारले. जर्मनीत १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना दिल्या जातात.

यांतून एक बाब स्पष्ट होते. वेतनाचा आकडा वरून ठरवून देण्यावर युरोप थांबलेला नाही, वेतन ठरविणाऱ्या बैठकीत श्रमिकाला जागा मिळावी यावर त्याचा तेवढाच भर आहे. बुलढाण्याकडे पाहताना हाच निकष उपयोगी पडतो.

४. महाराष्ट्राची वाट : रोजगार हमी

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे साठच्या दशकात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीचा विचार पुढे आला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप मिळाले. दुष्काळाच्या ऐन तीव्रतेत, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, काम न दिल्यास बेकारी भत्ता, स्त्री-पुरुषांना समान दर आणि कामाच्या ठिकाणी पाणी, सावली व लहान मुलांची सोय या तरतुदी त्या रचनेत होत्या. निदेशक तत्त्वाचे रूपांतर मागता येईल अशा हक्कात करण्याचे हे धाडस होते.

या योजनेचा खर्च कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयीन अध्यापकांच्या वेतनपत्रकातच सापडते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाकाठी २,५०० रुपये आपल्या वेतनातून व्यवसाय कर म्हणून कपात होतात. १९७५ च्या कायद्याने आलेला हा कर रोजगार हमीसाठी निधी उभारण्याच्या हेतूने लावण्यात आला होता. व्यवसाय कर आणि अन्य काही करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासनाने स्वतः घालावी, अशी निधीची रचना होती. थोडक्यात, शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाच्या हक्काचा भार उचलावा, असा हा सामाजिक करार होता. आज बहुतेकांना ही कपात केवळ एक रकाना वाटते. तिच्यामागील नाते आपण विसरलो आहोत.

अर्थात या हमीच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या. १९८८ मध्ये राज्यात किमान शेतमजुरीचे दर दुप्पट झाले आणि त्यासोबत हमीच्या कामांवरील दरही वाढले. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दरवाढीनंतर कामावरील उपस्थिती घटल्याचे आणि कामाचे एक प्रकारे रेशनिंग सुरू झाल्याचे दाखविले. हक्क महाग होताच प्रशासन काम उघडण्यातच हात आखडता घेते, हा त्यातील धडा होय. दर वाढला, पण काम केव्हा व कोठे सुरू करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मजुराकडे आला नाही.

केंद्राच्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी, कामांच्या निवडीत ग्रामसभेची भूमिका, सामाजिक अंकेक्षण, पंधरा दिवसांत मजुरी, ठेकेदाराला मज्जाव आणि शक्यतो मजुरांना विस्थापित करणारी यंत्रे न वापरण्याचे बंधन ही त्याची वैशिष्ट्ये होत. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या कायद्यात सुधारणा करून १०० दिवसांपुढील कामाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. राज्यासाठी या योजनेचा मजुरीदर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले आहेत. तथापि बहुतांश राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे आणि पेरणी व काढणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. या तरतुदीचा अर्थ पुढील विवेचनात अधिक स्पष्ट होईल.

५. बुलढाणा जिल्ह्यातील श्रमाचे स्वरूप

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ असून पाचांपैकी जवळपास चार जण ग्रामीण भागात राहतात. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर व जळगाव जामोद, मध्यभागी पूर्णेचे खोरे व त्यातील खारपाणपट्टा, दक्षिणेस घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हे तालुके, अशी जिल्ह्याची रचना आहे. कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिके असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. परिणामी कामाचा हंगाम आखूड आहे. निंदण, सोंगणी आणि वेचणी आटोपली की मजुराला गावात काम उरत नाही आणि अनेक कुटुंबांना पुणे, मुंबई, सुरत अशा शहरांकडे किंवा ऊसतोडीला जावे लागते.

शेतीच्या संकटाची चर्चा करताना आपण बहुधा सातबारा असलेल्या शेतकऱ्याचाच विचार करतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विशेष पॅकेजमध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. व्याजमाफी, कर्जाची फेररचना, सिंचन अशा त्यातील प्रमुख मदतींचा मार्ग जमिनीच्या कागदावरूनच जात होता. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर आणि जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही ती स्त्री, हे दोघेही त्याच संकटात होरपळत असताना मदतीच्या यादीबाहेर राहिले. उत्पन्नातील विषमतेपूर्वी ओळखीची विषमता येते, ती अशी.

स्त्रियांच्या श्रमाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागेल. कापसाची वेचणी प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि तिची मजुरी किलोवर ठरते. सकाळी दव असताना वेचलेला कापूस आणि हंगामाच्या अखेरीस फुटणारी लहान बोंडे यांनुसार दिवसाची कमाई बदलते. दर तोच असला तरी हाती येणारी रक्कम कमी होत जाते. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके जालन्याच्या बियाणे उद्योगाला लागून आहेत. त्या परिसरात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी अशा भाज्यांचे संकरित बीजोत्पादन होते. त्यासाठी फुलातील पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावावे लागतात. गावात या कामाला 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम डोळ्यांचे, बोटांचे आणि अचूक वेळेचे आहे. बियाण्याची शुद्धता त्याच्यावर अवलंबून असते. तरीही शासकीय भाषेत ते 'अकुशल' ठरते, कारण कौशल्याचे प्रमाणपत्र त्या स्त्रीजवळ नसते. शिवाय कंपनी, तिचा स्थानिक प्रतिनिधी, शेतकरी आणि मजूर अशी साखळी असल्याने मजुरीचा दर नेमका कोणी ठरविला, हे शेवटच्या कडीला कळत नाही. युरोपातील ॲपवर काम करणारा तरुण आणि शेडनेटमधील ही स्त्री यांच्यापुढील प्रश्न एकच आहे : माझा मालक कोण?

येथेच हमीच्या कामाचे खरे मोल ध्यानात येते. हमीच्या कामावर प्रत्यक्ष किती दिवस भरले, एवढ्यावरून तिचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. दुसरीकडे काम मिळू शकते, ही शक्यताच मजुराला शेतावरील दर ठरविताना बोलण्याचे बळ देते. म्हणून हंगामात हमीची कामे बंद ठेवण्याची तरतूद शेतकऱ्याच्या मजूरटंचाईच्या दृष्टीने समजण्यासारखी असली, तरी ज्या दिवसांत मजुराच्या शब्दाला किंमत असते नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पर्याय ती काढून घेते. अल्पभूधारक शेतकरी आणि मजूर या दोघांच्याही अडचणी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ गावपातळीवर घालावयाचा, तर दोघांनाही समान आवाज असणारी जागा हवी.

अशी जागा निर्माण होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांच्या संघटना बांधल्या नसत्या, तर पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी असू शकतो ही कल्पनाही कोणी केली नसती. शेतमजूर स्त्रीसाठी मात्र अशी परिणामकारक त्रिपक्षीय यंत्रणा नाही.

६. सहभाग : ग्रामसभा आणि पाण्याचा प्रश्न

श्रमिकाच्या सहभागाची कायदेशीर जागा म्हणजे ग्रामसभा. ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान मिळाले आणि २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. परंतु स्थलांतर करणारे कुटुंब ज्या महिन्यांत गावाबाहेर असते, त्या महिन्यांत होणाऱ्या सभेत त्याचा आवाज नसतो. आराखडा मंजूर होतो तो गावात राहणाऱ्यांच्या गरजांनुसार. सहभागाचा अभाव आणि स्थलांतर ही दोन्ही परस्परांना बळ देतात.

पाण्याच्या कामांच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९७२ नंतरच्या दशकांत पाझर तलाव आणि नालाबांधणी ही कामे मजुरांनी कुदळ-फावड्याने केली. अलीकडे राष्ट्रीय महामार्गाच्या बांधकामास लागणारी माती व मुरूम तलाव, नाले आणि नद्यांच्या खोलीकरणातून घेण्याचा प्रयोग 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने देशभर परिचित झाला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने 'सुजलाम सुफलाम' या मोहिमेत यंत्रांच्या साहाय्याने जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गाळ काढला. पाणीसाठा वाढविण्याच्या दृष्टीने या प्रयत्नांचे महत्त्व नाकारता येणार नाही. यंत्राने कष्ट कमी केले, यातही सन्मानाची हानी नाही. उन्हात माती वाहणे हे काही सन्मानाच्या कामाचे लक्षण नव्हे.

प्रश्न वेगळा आहे. हाताने बांधलेल्या तलावात मजुराचा वाटा निदान मजुरीच्या रूपाने होता. यंत्राने खोल झालेल्या तलावात त्याचा वाटा कोणता? वाढलेल्या पाण्याचा लाभ विहीर असलेल्याला मिळतो आणि गाळाचा लाभ शेत व ट्रॅक्टर असलेल्याला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या २०१७ च्या योजनेत गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने न्यावयाचा होता. २०२३ मध्ये योजनेची पुनर्रचना करताना अल्पभूधारक, विधवा आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांसाठी अनुदानाची तरतूद झाली. वगळले गेलेल्यांची नोंद धोरणाने घेतली की दुरुस्ती शक्य होते, याचा हा पुरावा होय. भूमिहीनांसाठी तलावातील मासेमारी, काठावरील गवत, जनावरांचे पाणी आणि वाढलेल्या रब्बी क्षेत्रावरील मजुरीचे दर हे विषय ग्रामसभेच्या कार्यपत्रिकेवर येणे हे पुढचे पाऊल आहे.

तंत्रज्ञानाचाही विचार येथे आवश्यक आहे. हमीच्या कामांवरील हजेरी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्रांद्वारे आणि मजुरी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यात, अशी पद्धत लागू झाली. खोट्या मस्टरला आळा घालणे हा हेतू योग्यच आहे. तथापि सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क नसेल किंवा नावातील एका अक्षराचा फरक असेल, तर केलेल्या कामाची मजुरी अडकते. चूक यंत्रणेची आणि भुर्दंड मजुराला, ही स्थिती सन्मानाच्या निकषावर टिकत नाही.

७. महाविद्यालयाच्या चार भिंतींत

हे विवेचन दुसऱ्यांविषयीच राहिले, तर ते अपुरे ठरेल. आपल्या महाविद्यालयांतही एकाच विभागात, एकाच अभ्यासक्रमाचे अध्यापन करणारे दोन अध्यापक असतात. एक पूर्णवेळ, दुसरा तासिका तत्त्वावरील. पात्रता सारखी, विद्यार्थी तेच आणि विषयही तोच असतो. परंतु एकाला रजा, निवृत्तीलाभ व वेतनवाढ आहे, तर दुसऱ्याच्या उन्हाळी सुट्टीतील महिन्यांना मानधनच नाही. अभ्यास मंडळात, अधिसभेत आणि शिक्षक संघटनेतही त्याचा आवाज क्षीण असतो. शेडनेटमधील स्त्रीचे कौशल्य कागदाअभावी नाकारले जाते. येथे कागद असूनही सुरक्षितता नाकारली जाते. विषमतेचे शास्त्र शिकविणाऱ्या संस्थेने ही विषमता सवयीची मानणे योग्य नव्हे.

८. निष्कर्ष

१) सन्मानाच्या कामाची चार अंगे परस्परावलंबी आहेत. संवादाचे अंग दुर्बल राहिल्यास उर्वरित तीन अंगे कागदावर राहतात.

२) युरोपचा भर सामूहिक वाटाघाटींच्या विस्तारावर आहे. महाराष्ट्राने कामाचा हक्क लवकर मान्य केला, पण मजुराच्या निर्णयाधिकाराकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

३) रोजगार हमीचे मूल्य दिवसांच्या संख्येपुरते मर्यादित नाही. ती मजुराला वाटाघाटीचे बळ देते. हंगामी बंदीचा विचार या दृष्टीने व्हावा.

४) स्थलांतरित कुटुंबे गावात असतात त्या काळात, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी, हमीच्या आराखड्यावरील ग्रामसभा घेतल्या जाव्यात.

५) बीजोत्पादनातील हस्तपरागीकरणासारख्या कामांना कुशल कामाचा दर्जा देऊन त्यासाठी त्रिपक्षीय यंत्रणा विकसित करावी.

६) महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून सामाजिक अंकेक्षणात ग्रामसभांना साहाय्य करावे. तसेच तासिका तत्त्वावरील अध्यापकांना आपल्या समित्यांत प्रतिनिधित्व द्यावे.

समारोप

दर महिन्याच्या वेतनपत्रकातील व्यवसाय कराचा रकाना हा बुलढाणा जिल्ह्यातील अध्यापक आणि मजूर यांच्यातील एक जुना, लिखित करार आहे. पैशाच्या बाजूने आपण तो अजूनही पाळतो, कारण ती कपात आपल्याला विचारून होत नाही. मजुराच्या बाजूने तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी मात्र आपण होऊन ग्रामसभेत, मस्टरजवळ आणि वेचणीच्या शेतात जावे लागेल. तेथे प्रथम विचारावयाचा प्रश्न 'किती मिळते?' हा आहेच. त्याच्या जोडीला 'हे कोणी ठरविले आणि ठरविताना तुम्हांला विचारले का?' हा प्रश्नही विचारला गेला, तरच सन्मानाच्या कामाची संकल्पना परिषदांच्या अहवालांतून बाहेर पडून जिल्ह्याच्या मातीत रुजेल.